डीपी का जळते? पांढरकवड्याच्या शिवारातून समजून घ्या चुंबकातून तयार होणाऱ्या विजेचं गणित

रब्बीचा हंगाम सुरू झालेला असतो. गहू-हरभऱ्याला पाण्याची पाळी द्यायची असते आणि नेमकी तेव्हाच शिवारातली डीपी जळते. विहिरीत पाणी आहे, मोटार धड आहे, पण लाईन नाही. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्याचं मुख्यालय असलेल्या पांढरकवडा परिसरात ही तक्रार नवी नाही. नवीन डीपी बसेपर्यंत त्या डीपीवरच्या सगळ्याच शेतकऱ्यांचं ओलित थांबतं.

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. सरकारी कागदांवर आणि बातम्यांमध्ये याच यंत्राला 'रोहित्र' म्हणतात. गंमत म्हणजे या लोखंडी पेटीत फिरणारा एकही भाग नसतो. ११ हजार व्होल्टची वीज घेऊन येणाऱ्या तारा आणि तुमच्या मोटारीकडे जाणाऱ्या तारा आत एकमेकींना जोडलेल्याही नसतात. तरीही वीज एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते.

हे कसं होतं? आणि एवढं साधं वाटणारं यंत्र ऐन हंगामातच का जळतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर दहावीच्या विज्ञानात भेटणाऱ्या एकाच नियमात आहे. त्याचं नाव विद्युत चुंबकीय प्रवर्तन.

१८३१ मध्ये काय सापडलं?

विजेमुळे चुंबकत्व तयार होतं हे १८२० मध्ये कळलं होतं. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. मग उलटा प्रश्न पडला. विजेतून चुंबक होत असेल, तर चुंबकातून वीज का होऊ नये?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणारे मायकेल फॅरेडे हे उत्तर अनेक वर्षं शोधत होते. लहानपणी त्यांचं शिक्षण जेमतेम झालेलं. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून ते विज्ञानाकडे वळले होते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडे यांनी लोखंडाची एक जाड कडी घेतली. तिच्या एका बाजूला तारेचे वेढे गुंडाळले आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या तारेचे. पहिली तार बॅटरीला जोडली. दुसऱ्या तारेजवळ वीज ओळखणारी चुंबकसुई ठेवली.

बॅटरी जोडताच सुईला झटका बसला, पण लगेच ती जागेवर आली. बॅटरी जोडलेलीच होती, पहिल्या तारेतून वीज वाहत होती, तरी सुई शांत. बॅटरी काढली त्या क्षणी सुई पुन्हा हलली, या वेळी उलट्या दिशेला.

थोडक्यात, चुंबकत्व नुसतं 'असून' उपयोग नव्हता. ते वाढत असताना किंवा कमी होत असतानाच दुसऱ्या तारेत वीज तयार होत होती. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी त्यांनी हेच साध्या चुंबकाने करून पाहिलं. तारेच्या पोकळ गुंडाळीत चुंबक आत सारला, वीज आली. बाहेर ओढला, उलट्या दिशेने वीज आली. चुंबक आत तसाच ठेवला, काहीच नाही.

लोखंडी कडीवरचे ते दोन वेढे म्हणजेच आजच्या डीपीचा पूर्वज. आणि गुंडाळीत सरकणारा चुंबक म्हणजे जनरेटरचा.

नियम नेमका काय आहे?

चुंबकाभोवती त्याचा प्रभाव असलेला भाग असतो. त्याला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस टाकून खाली चुंबक धरला की ज्या रेषा दिसतात, त्या याच क्षेत्राच्या. तारेच्या गुंडाळीतून अशा किती रेषा जातात हे बदललं की गुंडाळीत व्होल्टेज तयार होतं.

व्होल्टेज किती मिळेल हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतं.

- चुंबक किती ताकदवान आहे.
- बदल किती वेगाने होतो.
- तारेचे वेढे किती आहेत.

प्रत्येक वेढ्यात थोडं थोडं व्होल्टेज तयार होतं आणि त्यांची बेरीज होते. १० वेढ्यांपेक्षा १०० वेढ्यांत दहापट व्होल्टेज मिळतं. ही एक ओळ लक्षात ठेवा, डीपीचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

या नियमाला एक अटही आहे. ती १८३४ मध्ये हाइनरिख लेन्झ यांनी मांडली. तयार होणारी वीज ज्या बदलामुळे तयार झाली, त्याच बदलाला विरोध करते. म्हणजे फुकट काही मिळत नाही. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. तो चाकाला टेकवून दिवा लावला की पायडल जड व्हायचं. दिव्याचा उजेड तुमच्या पायातल्या जोरातून येत होता.

चंद्रपूरच्या चाकापासून वावरातल्या खांबापर्यंत

पांढरकवड्याच्या पूर्वेला, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात महानिर्मितीचं २,९२० मेगावॅट क्षमतेचं औष्णिक वीज केंद्र आहे. राज्यातली सगळी केंद्रं एकाच ग्रिडला जोडलेली असतात. त्यामुळे तुमच्या मोटारीतली वीज चंद्रपूरची की कोयनेची हे वेगळं काढता येत नाही. पण ती तयार कशी होते हे चंद्रपूरच्या उदाहरणावरून नीट समजतं.

तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते. वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरतं आणि त्याच्या दांड्यावर बसवलेला मोठा विद्युतचुंबक मिनिटाला ३,००० वेळा फिरतो. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. त्याच्याभोवती तांब्याच्या गुंडाळ्या स्थिर बसवलेल्या असतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव गुंडाळीसमोरून गेला की वीज एका दिशेने वाहते, दक्षिण ध्रुव गेला की उलट दिशेने. म्हणून आपल्याकडची वीज '५० हर्ट्झ'ची. ती सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. हीच प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी.

कोयनेच्या १,९६० मेगावॅटच्या प्रकल्पात वाफेऐवजी पाण्याचा जोर वापरतात. खोपोलीहून १९१५ मध्ये मुंबईला वीज पोहोचू लागली तीही पाण्याच्या जोरावरच. चाक फिरवणारा बदलला, तरी वीज तयार करणारा नियम तोच राहिला.

चंद्रपूरच्या ५०० मेगावॅटच्या संचात वीज २१ हजार व्होल्टने तयार होते. लांब पाठवण्यासाठी ती ४ लाख व्होल्टपर्यंत वाढवली जाते. मग उपकेंद्रांमध्ये टप्प्याटप्प्याने कमी करत ३३ हजार, ११ हजार आणि शेवटी डीपीवर ४३३ व्होल्ट होते. शेतकऱ्यांच्या बोलण्यात तिला 'चारशे चाळीस' म्हणतात.

आधी वाढवायची आणि मग कमी करायची, हा उपद्व्याप कशासाठी? कारण तारेतून जितके जास्त अँपिअर जातात, तितकी तार तापते, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. अँपिअर दुप्पट, तर उष्णता चौपट. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भार ११ हजार व्होल्टच्या तारांमध्ये फक्त सव्वापाच अँपिअर असतो. तोच भार ४३३ व्होल्टच्या तारांमध्ये १३३ अँपिअर होतो, म्हणजे सुमारे २५ पट. तितकीच वीज त्याच तारेने कमी व्होल्टेजवर पाठवली, तर वाटेत वाया जाणारी वीज ६०० पटींहून जास्त होईल.

डीपी शेताच्या बांधापर्यंत का आणली जाते, याचं कारण हेच.

डीपीच्या पेटीत असतं काय?

आत लोखंडाचा गाभा असतो. त्यावर तारेच्या दोन प्रकारच्या गुंडाळ्या असतात. एक बारीक तारेची, खूप वेढ्यांची. ती ११ हजार व्होल्टला जोडलेली. दुसरी जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. तिच्यातून मोटारीकडे जाणारी लाईन निघते.

पहिल्या गुंडाळीतली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, म्हणून गाभ्यातलं चुंबकत्वही सतत वाढतं, कमी होतं, उलटतं. हा बदल दुसऱ्या गुंडाळीला जाणवतो आणि तिच्यात व्होल्टेज तयार होतं. दोन्ही गुंडाळ्यांच्या प्रत्येक वेढ्यात सारखंच व्होल्टेज असतं. त्यामुळे वेढे कमी, तर व्होल्टेज कमी.

आपल्याकडच्या डीपीत ११ हजार व्होल्टच्या बाजूला साधारण ४४ वेढे असतील, तर शेताच्या बाजूला एक वेढा, असं प्रमाण असतं. ११,००० भागिले ४४ म्हणजे २५०. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये भार नसताना एवढे व्होल्ट मिळतात. वाटेत थोडे कमी होऊन घरात साधारण २३० पोहोचतात.

डीपीजवळ उभं राहिलं की 'घूं' असा आवाज येतो. लोखंडाचं चुंबकत्व बदलताना त्याचा आकार अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलत असतो. सेकंदाला १०० वेळा होणारी ती थरथर म्हणजे हा आवाज. तो नेहमीचाच आहे. पण आवाज अचानक वाढला, कडकड व्हायला लागली किंवा तेल गळताना दिसलं, तर ते बिघाडाचं लक्षण समजावं.

गाभा अखंड लोखंडाचा का नसतो? कारण लोखंडही वीजवाहक आहे. बदलत्या चुंबकत्वामुळे त्याच्या आतही विजेचे भोवरे तयार होतात आणि ते तापतं. हे टाळायला गाभा एकमेकांपासून विलग केलेल्या पातळ पत्र्यांचा बनवतात. डीपीत नको असलेली हीच उष्णता स्वयंपाकघरात मुद्दाम वापरली जाते. इंडक्शन शेगडीखालच्या गुंडाळीत बदलतं चुंबकत्व असतं, त्यामुळे भांड्याच्या बुडात विजेचे भोवरे होतात आणि भांडं स्वतःच तापतं.

डीपीला बॅटरी जोडली तर?

काहीच मिळणार नाही. जोडताना एक झटका आणि काढताना एक झटका, बस्स. बॅटरीची वीज एकाच दिशेने, एकसारखी वाहते. तिला दिष्ट धारा किंवा डीसी म्हणतात. बदल नाही, म्हणून दुसऱ्या गुंडाळीत वीज नाही. फॅरेडे यांची सुई शांत झाली होती, अगदी तसंच.

उलट नुकसानच होण्याची शक्यता जास्त. एसी वीज असते तेव्हा पहिल्या गुंडाळीत तयार होणारं उलटं व्होल्टेज विजेला आवर घालत असतं. लेन्झ यांचा विरोधाचा नियम इथे कामाला येतो. डीसीमध्ये हा विरोध नसतो. मग ताकदवान डीसी स्रोत जोडला, तर गुंडाळी तापून जळू शकते.

जगभर वीजपुरवठ्यासाठी एसी रुजली त्यामागे हे मोठं कारण आहे. तिचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने सहज कमी-जास्त करता येतं. महाराष्ट्रात याला एक मोठा अपवाद आहे. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून डीसीवर चालते. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. पण तिथेही दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी करणारी मोठी केंद्रं लागतात.

मोटार सुरू होताना एवढी वीज का खेचते?

आता जळण्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी विहिरीवरची थ्री फेज मोटार समजून घ्यावी लागेल. तिचं नावच 'इंडक्शन मोटार', म्हणजे प्रवर्तनावर चालणारी.

मोटारीच्या बाहेरच्या गुंडाळ्यांना तीन फेज मिळाले की आत एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोन ध्रुवांच्या मोटारीत ते मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतं. मधल्या फिरणाऱ्या भागाला कुठलीही वायर जोडलेली नसते. त्यात तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे दांडे असतात. फिरतं क्षेत्र त्यांच्यावरून जातं, दांड्यांत वीज तयार होते आणि ते क्षेत्रामागे ओढले जातात. मोटार फिरते.

पूर्ण वेगात मोटार मिनिटाला साधारण २,८५० फेऱ्या घेते. म्हणजे चुंबकीय क्षेत्र तिच्या पुढे फक्त १५० फेऱ्या असतं, सेकंदाला अडीच. दांड्यांना जाणवणारा बदल संथ असतो आणि मोटार बेताची वीज घेते.

पण सुरुवातीला मोटार थांबलेली असते. तेव्हा क्षेत्र दांड्यांवरून सेकंदाला पूर्ण ५० वेळा जातं. बदल खूप वेगवान, म्हणून दांड्यांत प्रचंड वीज तयार होते आणि तेवढीच ती लाईनमधून खेचली जाते. थेट सुरू केलेली मोटार त्या काही क्षणांत नेहमीच्या पाच ते सात पट करंट घेते. स्टार-डेल्टा स्टार्टर हा झटका साधारण एक तृतीयांशावर आणतो.

ऑटो स्विच: सोय एकाची, घात सगळ्यांचा

आता एकाच डीपीवर १५ मोटारी आहेत असं समजा. प्रत्येकाने 'ऑटो स्विच' लावला आहे. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. शेतीला वीज चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री-बेरात्री वावरात जायला नको म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतात.

ही भीती खरी आहे. साप-विंचू तर आहेतच, पण पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे आणि वाघांचा वावर आसपासच्या शिवारातही असतो. याच पांढरकवडा वनविभागात टी-१ उर्फ 'अवनी' वाघिणीचं नाव १३ माणसांच्या मृत्यूंशी जोडलं गेलं होतं. २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात तिला ठार करण्यात आलं. त्या काळात अंधारात ओलिताला जाणं म्हणजे काय होतं, हे इथल्या गावांना सांगावं लागत नाही. 'शेतीला दिवसा वीज द्या' या मागणीमागे हेही एक कारण आहे.

मात्र ऑटो स्विचमुळे काय होतं ते पाहा. लाईन येताच १५ मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. प्रत्येकीला सहापट करंट हवा असेल, तर १०० केव्हीएच्या डीपीकडे कागदावर सुमारे ६०० केव्हीएची मागणी होते. एवढी वीज डीपी देऊ शकत नाही, म्हणून व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की जोर ६४ टक्केच उरतो. मग मोटारी वेग घेत नाहीत. वेग नाही म्हणून करंट कमी होत नाही, आणि करंट कमी होत नाही म्हणून व्होल्टेज सुधारत नाही.

या फेऱ्यात मोटारीही तापतात आणि डीपीही. फ्यूज उडाला तर निभावलं. पण फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल, तर सगळा ताप डीपीच्या गुंडाळीवर जातो.

डीपी आतून जळते कशी?

गुंडाळीच्या वेढ्यांवर कागदासारखं पातळ आवरण असतं आणि सगळी गुंडाळी तेलात बुडालेली असते. तेल दोन कामं करतं. उष्णता बाहेर नेतं आणि वीज नको तिथे जाऊ देत नाही. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोन पट होते. हे रोज तासन्‌तास चाललं की आवरण करपतं, ठिसूळ होतं.

मग एखाद्या दिवशी दोन शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात. इथून नाश वेगाने होतो. टेकलेला तो वेढा स्वतःच एक बंद कडी बनतो. गाभ्यातलं बदलतं चुंबकत्व त्याच्यातही व्होल्टेज तयार करत असतं, पण त्या विजेला जायला बाहेर वाट नसते. ती त्या एका वेढ्यातच फिरते, तोही प्रचंड प्रमाणात. वेढा वितळतो, शेजारचे जळतात, तेल उकळतं. म्हणजे ज्या नियमाने डीपी चालते, त्याच नियमाने ती जळते.

जळण्याची इतर कारणंही आहेत.

- तेलाची गळती किंवा चोरी. तेल कमी झालं की गुंडाळीचा वरचा भाग उघडा पडतो.
- एकाच फेजवर जास्त भार. थ्री फेज नसताना कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवली की असा असमतोल होतो.
- आकडे टाकून घेतलेली वीज. मंजूर भाराचं गणितच त्यामुळे चुकतं.
- पावसाळ्यातली आकाशातली वीज.

वीजचोरी हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे, तर वीजवाहिन्या आणि साहित्याची चोरी कलम १३६ खाली. पण कायद्यापेक्षा साधा हिशेब जास्त बोलका आहे. डीपी जळाली की नियमाने वागणाऱ्याचंही पीक वाळतं.

कपॅसिटरचा नेमका फायदा काय?

महावितरण शेतकऱ्यांना 'ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा' असं आवाहन करत आलं आहे. यामागचं कारणही प्रवर्तनातच आहे.

मोटारीला दोन प्रकारची वीज लागते. एक पाणी उपसण्यासाठी, दुसरी आतलं चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी. दुसरी वीज खर्च होत नाही, मोटार आणि लाईन यांच्यात नुसती ये-जा करते. पण तिचा भार तारांवर आणि डीपीवर पडतोच. कपॅसिटर ही ये-जा मोटारीजवळच भागवतो.

उदाहरण म्हणून ५ एचपीची मोटार घ्या. तिची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ती सुमारे ४.७ किलोवॅट वीज घेते. पॉवर फॅक्टर ०.७ असेल, तर डीपीवर ६.७ केव्हीएचा भार पडतो. कपॅसिटरने तो ०.९ झाला की भार ५.२ केव्हीए. म्हणजे १०० केव्हीएची तीच डीपी १५ ऐवजी १९ मोटारी झेलू शकते.

ऑटो स्विच काढायला मन होत नसेल, तर निदान टायमर लावून प्रत्येक मोटार थोड्या थोड्या अंतराने सुरू करता येते. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून क्रम ठरवला, तर त्याला फारसा खर्चही येत नाही.

झटका मशीन मारत नाही, मग कुंपणातली वीज का मारते?

रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायला या भागात झटका मशीन वापरतात. तेही प्रवर्तनावरच चालतं. सोलर पॅनलवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून एक कपॅसिटर भरला जातो आणि तो छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकदम रिकामा केला जातो. बॅटरी डीसी असली, तरी हा अचानक झालेला बदल असतो. त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो.

हजारो व्होल्ट असूनही जनावर मरत नाही, कारण झटका अत्यंत अल्पकाळ टिकतो. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार एका झटक्यातली ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त नसावी आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर असावं. या अंतरात जनावराला किंवा माणसाला तारेपासून दूर होता येतं.

लाईनवरून थेट कुंपणात सोडलेली २३० व्होल्टची वीज अशी उसंत देत नाही. ती थांबत नाही, स्नायू आखडतात, तार सुटत नाही आणि हृदयाची लय बिघडते. अशा तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत आणि जागलीला गेलेली माणसंही. हा प्रकार बेकायदेशीर आहे. कुंपणासाठी प्रमाणित झटका मशीनच वापरावं.

सौर पंप आला की डीपीची गरज संपते का?

राज्यात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू आहे. सोलर पॅनलमध्ये चुंबक नसतो, काही फिरत नाही. उजेड पडला की त्यातल्या सिलिकॉनमधून थेट डीसी वीज निघते. म्हणजे इथे फॅरेडे यांचा नियम लागत नाही.

पण वीज पंपापर्यंत पोहोचली की तो नियम परत येतो. पंपात एसी मोटार असेल, तर कंट्रोलर आधी डीसीची एसी करतो, म्हणजे तिच्यात बदल आणतो. तो मोटारीचा वेगही हळूहळू वाढवतो, त्यामुळे सुरुवातीचा मोठा झटका टळतो. ओलित दिवसा होतं, रात्रीची फेरी वाचते. मात्र ढगाळ दिवसात पाणी कमी मिळतं.

ज्यांचा पंप लाईनवरच राहणार आहे त्यांच्यासाठी महावितरणने २०१८ मध्ये उच्चदाब वितरण प्रणाली आणली. त्यात एक किंवा दोन शेतकऱ्यांसाठी छोटी डीपी बसवतात. ती बिघडली तरी अख्ख्या शिवाराचं पाणी थांबत नाही.

हे मात्र करू नका

डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका. वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट असतात आणि तार हातात न धरताही, नुसतं फार जवळ गेल्याने झटका बसू शकतो.

लाईन गेल्यावर जनरेटर थेट घरच्या किंवा पंपाच्या वायरिंगला जोडू नका. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. तुमचे २३० व्होल्ट डीपीत उलटे गेले, तर वरच्या तारांवर हजारो व्होल्ट होतात. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाईनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच लावणं म्हणूनच गरजेचं आहे.

डीपीतून तेल गळत असेल, ठिणग्या दिसत असतील किंवा तार तुटून पडली असेल, तर लांब राहा आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तेलगळती वेळेत कळली, तर दुरुस्तीवर भागतं. गुंडाळी जळाली, तर अख्खी डीपीच बदलावी लागते आणि तोपर्यंत हरभरा थांबत नाही.